छापील वेग आणि यंत्राची खरी मर्यादा : ओव्हरक्लॉकिंगमधील अस्थिरता व तिच्या निदानाचा इतिहास
(उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९८१ मध्ये आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चालत होता. आज घरगुती संगणकाचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झचा पल्ला ओलांडतो. या चढत्या आलेखाखाली दुसरा एक इतिहास दडलेला आहे. तो यंत्र अडखळण्याचा, ते का अडखळले याचा शोध घेण्याचा आणि अडखळण्याचा दोष कोणाच्या माथी मारायचा यावरून झालेल्या वादांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या इतिहासाचा विचार केला आहे.

उत्पादकाने जाहीर केलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने प्रोसेसर चालविणे यास ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात. असे केल्यावर संगणक मध्येच हँग होतो, आपोआप रीस्टार्ट होतो, निळा पडदा दाखवितो किंवा कोणतीही तक्रार न करता चुकीचे उत्तर देतो. या सर्व प्रकारांस येथे 'अस्थिरता' ही एकच संज्ञा वापरली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने या विषयाकडे वळण्याचे कारण असे की, अस्थिरतेचे निदान हे मूलतः पुराव्याच्या परीक्षणाचे काम आहे. प्रोसेसरवर छापलेला आकडा हे एक साधन आहे आणि प्रत्येक साधनाप्रमाणे त्याचेही बहिरंग व अंतरंग परीक्षण करावे लागते.

लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, छापील वेग ही यंत्राची अंतिम मर्यादा नसून काही गृहीत परिस्थितीत दिलेली हमी असते. त्या हमीत आणि खऱ्या मर्यादेत काही शिल्लक राखून ठेवलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा ही शिल्लक खर्च करतो. परंतु उल्हास खोऱ्यातील आपल्या तीन शहरांत उकाडा, कमी दाबाची वीज आणि हलके सुटे भाग यांनी ती आधीच बरीचशी खर्च केलेली असते. अस्थिरतेचे निदान म्हणजे ही शिल्लक नेमकी कोणी खर्च केली, हे शोधणे होय.

१. राखीव शिल्लक : संकल्पना

प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया घड्याळाच्या एका ठोक्यात पूर्ण व्हावी लागते. विद्युत संकेतास परिपथातील सर्वांत लांबचा मार्ग कापण्यास जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा ठोका लहान झाला तर पुढच्या टप्प्यास अर्धवट उत्तर मिळते. ठोका लहान करणे म्हणजेच वेग वाढविणे. व्होल्टेज वाढविले तर संकेत लवकर पोहोचतो. तापमान वाढले तर साधारणपणे उशिरा पोहोचतो. म्हणून वेग, व्होल्टेज आणि तापमान या तिघांचा विचार एकत्रच करावा लागतो.

याचा हिशेब साधा आहे. प्रोसेसरची वीज व पर्यायाने उष्णता ही वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढविले, तर १.२ गुणिले १.२१ म्हणजे सुमारे १.४५ पट उष्णता निर्माण होते. वेगाचा लाभ २० टक्क्यांचा, उष्णतेचा बोजा ४५ टक्क्यांचा. वाढलेली उष्णता संकेतास मंद करते, त्यासाठी पुन्हा व्होल्टेज वाढवावे लागते आणि चक्र सुरू होते.

उत्पादक एकाच साच्यातून निघालेल्या चिपांची चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी करतो. अत्यंत उष्ण खोली, किंचित कमी व्होल्टेज, काही वर्षांची झीज एवढे सर्व गृहीत धरून तो वेग ठरवितो व छापतो. बाजारात स्वस्त चिपांची मागणी अधिक असेल, तर अधिक वेगाची पात्रता असलेल्या चिपांवरही कमी आकडा छापला जातो. ओव्हरक्लॉकिंग शक्य होते ते यामुळेच. मात्र कोणत्या चिपमध्ये किती शिल्लक आहे, हे छापलेले नसते. ते चाचणीनेच कळते.

२. क्रिस्टल ते सेलेरॉन (१९८४–१९९८)

आयबीएमने १९८४ मध्ये बाजारात आणलेल्या पीसी-एटी या संगणकाचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे. हा वेग मदरबोर्डवरील एका छोट्या क्रिस्टलवरून ठरत असे आणि तो क्रिस्टल सहज काढता येत असे. अनेकांनी त्या जागी अधिक कंपनसंख्येचा क्रिस्टल बसवून वेग ८ मेगाहर्ट्झपर्यंत नेला. पुढे आयबीएमने संगणक सुरू होतानाच वेग तपासून वाढीव वेगास अटकाव करणारी योजना बायोसमध्ये केली. उत्पादक आणि वापरकर्ता यांच्यातील या प्रदीर्घ ओढाताणीचा हा आरंभीचा टप्पा होय.

१९९० च्या दशकात या ओढाताणीत तिसरा घटक शिरला, तो म्हणजे व्यापारी. कमी वेगाच्या चिपवरील अक्षरे खरवडून त्यावर अधिक वेगाचा आकडा छापण्याचा उद्योग अनेक देशांच्या बाजारांत चालला. ग्राहक नकळत ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर विकत घेई आणि संगणक हँग झाला की सॉफ्टवेअरला दोष देई. इंटेलने १९९८ पर्यंत आपल्या प्रोसेसरांचा गुणक, म्हणजे मूळ बसच्या वेगास ज्या अंकाने गुणले असता प्रोसेसरचा वेग मिळतो तो अंक, कायमचा बंद केला, त्यामागील एक कारण ही फसवणूक रोखणे हे होते.

गुणक बंद झाला तरी बसचा वेग मोकळा होता. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरने ही वाट प्रसिद्ध केली. त्याचा गुणक ४.५ आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ होता. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झ वेगाने चाले, आणि त्यांपैकी पुष्कळसे स्थिरही राहत. त्याच महिन्यात आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेन्टियम टू प्रोसेसरशी तो अनेक कामांत बरोबरी करी.

या युक्तीत निदानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा धडा आहे. बस ६६ वरून एकदम १०० वर नेली तर मदरबोर्ड भागाकाराचे प्रमाण बदलून हार्ड डिस्क ज्यावर अवलंबून असते ती पीसीआय बस ३३ मेगाहर्ट्झवरच ठेवी. परंतु सावधपणा म्हणून कोणी ८३ चा मधला पर्याय निवडला, तर अनेक बोर्डांवर पीसीआय बस ४१.५ मेगाहर्ट्झवर जाई. प्रोसेसर धडधाकट राहून हार्ड डिस्कवरील फाइली बिघडत. म्हणजे १०० वर चालणारा संगणक ८३ वर बिघडे. लक्षण एका भागात आणि कारण दुसऱ्याच भागात, हे अस्थिरतेचे वैशिष्ट्य येथे स्पष्टपणे दिसते.

३. निदानाची पद्धत कशी घडली

अस्थिरतेच्या निदानाची शिस्त ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी एकट्यांनी घडविली नाही. तिचा एक उगम गणितात आहे. अमेरिकेतील प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या अविभाज्य संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत असता १९९४ मध्ये त्यांना उत्तरांत विसंगती आढळली. त्यांनी प्रोसेसरवर लगेच आरोप केला नाही. स्वतःचा प्रोग्राम, कंपायलर, मदरबोर्ड अशी एकेक शक्यता तपासून बाद करण्यात त्यांचे काही महिने गेले. अखेर पेन्टियमच्या भागाकार करणाऱ्या परिपथातच दोष असल्याचे सिद्ध झाले. इंटेलने आधी हा दोष किरकोळ ठरविला; डिसेंबर १९९४ मध्ये मात्र मागेल त्यास प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसला.

पेन्टियमच्या निर्मितीचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. फाळणीनंतर रावळपिंडीहून आलेल्या कुटुंबात ते जन्मले. ज्या स्थलांतराने उल्हासनगर वसविले, त्याच स्थलांतराच्या लाटेने हे कुटुंब महाराष्ट्रात आणले होते. यंत्राची घडण आणि माणसांचे विस्थापन यांचे धागे असे अनपेक्षित ठिकाणी जुळलेले दिसतात.

जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी एक सामूहिक प्रकल्प सुरू केला. त्यासाठी लिहिलेला प्राइम९५ हा प्रोग्राम दिवसेंदिवस तीच ती गणिते करी आणि मधल्या उत्तरांतील विसंगती पकडी. ज्या संगणकावर इतर सर्व कामे सुरळीत चालत, त्यावरही तो चूक दाखवी. त्यामुळे अविभाज्य संख्यांशी काहीही देणेघेणे नसलेल्या हजारो लोकांनी तो केवळ चाचणीसाठी वापरला. रॅम तपासण्यासाठी मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्यापूर्वीच चालविता येई. या दोन साधनांनी अस्थिरता हा अनुभवाचा नव्हे तर मोजमापाचा विषय बनविला.

या काळात रूढ झालेली पद्धत थोडक्यात अशी मांडता येईल. प्रथम बायोसमधील सर्व मूल्ये उत्पादकाच्या मूळ स्थितीस आणावीत. या स्थितीतही दोष दिसत असेल तर तो ओव्हरक्लॉकिंगचा नव्हे. रॅम, एसएमपीएस, मदरबोर्ड यांची तपासणी करावी. मूळ स्थिती निर्दोष असेल तर रॅमचा वेग मुद्दाम कमी ठेवून केवळ प्रोसेसरचा वेग पायरीपायरीने वाढवावा. प्रत्येक पायरीवर तापमान पाहावे. चूक दिसताच एक पायरी मागे यावे. व्होल्टेज वाढवायचे असल्यास अगदी थोडे वाढवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल लिहून ठेवावा. संगणक सुरूच होईनासा झाला तर मदरबोर्डवरील जम्परने किंवा बॅटरी काही वेळ काढून ठेवून बायोसची नोंद पुसावी.

लक्षणांची भाषाही याच काळात स्थिर झाली. कोणतीही सूचना न देता होणारा रीस्टार्ट बहुधा वीजपुरवठ्याकडे बोट दाखवितो. प्रत्येक वेळी वेगळा संकेतांक दाखविणारा निळा पडदा रॅमचा संशय निर्माण करतो. दीर्घ गणितात येणारी चूक प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज अपुरे असल्याचे किंवा तापमान अधिक असल्याचे सुचविते. मात्र ही केवळ सूचक चिन्हे होत. पुराव्याशिवाय त्यांच्यावर निकाल देता येत नाही.

४. उल्हास खोऱ्यातील परिस्थिती

वरील सर्व इतिहास प्रामुख्याने थंड हवेच्या व अखंड विजेच्या देशांत घडला. तो कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडीनंतरच्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग स्थानकांच्या पट्ट्यात आला, तेव्हा त्यास वेगळी परिस्थिती भेटली.

उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत वसलेली निर्वासितांची वसाहत. सिंधमधून आलेल्या कुटुंबांना येथील बराकींत आश्रय मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविली गेली. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्प क्रमांक सांगतात. भांडवल नसलेल्या या समाजाने छोट्या उद्योगांतून व व्यापारातून नगर उभे केले. त्याचबरोबर 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' ही दंतकथाही सर्वत्र पसरली. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात या दंतकथेचा पुनर्विचार करणे उचित ठरेल. प्रोसेसरवरील अक्षरे खरवडणारा व्यापार जगभरच्या बाजारांत चालत होता. आणि पुढे आपण पाहणार आहोत त्याप्रमाणे, खुद्द मूळ उत्पादकानेही न पेलणारा आकडा छापून विकल्याची उदाहरणे आहेत. छापील शब्द आणि वस्तू यांच्यातील अंतर ही एका नगराची खोड नसून आधुनिक बाजाराचेच ते लक्षण आहे.

अंबरनाथची ओळख शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे जशी आहे, तशीच स्वातंत्र्योत्तर काळातील आयुध निर्माणी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहत यांमुळेही आहे. लेथवर काम केलेल्या कामगारास राखीव शिल्लक ही कल्पना नव्याने शिकवावी लागत नाही. स्पिंडलचा वेग वाढविल्यावर जॉब थरथरू लागला, तर तो आधी टूलची पकड, मग जॉबचा आधार, मग बेअरिंग पाहतो. केवळ वेगाला दोष देऊन थांबत नाही. अशा घरांतील मुले संगणकाचे कॅबिनेट उघडू लागली, तेव्हा ही दृष्टी त्यांना घरातच उपलब्ध होती.

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात आणि १९९७ च्या माहिती तंत्रज्ञान करारानंतर आयात कर टप्प्याटप्प्याने उतरल्यामुळे सुटे भाग आणून जोडलेला, म्हणजे असेम्बल्ड, संगणक मध्यमवर्गीय घरांत आला. मुंबईतील लॅमिंग्टन रोड हे त्याचे प्रमुख केंद्र. मदरबोर्डचा खोका मांडीवर घेऊन लोकलने बदलापूरपर्यंत येणे हा त्या पिढीचा परिचित अनुभव आहे.

या संगणकांची राखीव शिल्लक तीन वाटांनी खर्च होत असे. पहिली वाट हवामानाची. बदलापूर समुद्रापासून दूर, डोंगरांच्या पायथ्याशी असल्याने एप्रिल-मे महिन्यांत तेथील तापमान अनेकदा चाळिशी ओलांडते. प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्याच्या स्वतःच्या उष्णतेने झालेली वाढ. परदेशी परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत ५५ अंशांवर राहणारा प्रोसेसर येथील ३८ अंशांच्या खोलीत सुमारे ७१ अंशांवर जातो. वेगात तिळमात्र बदल न करता १६ अंश खर्ची पडलेले असतात.

दुसरी वाट विजेची. जून २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. ती आणि त्यानंतरची काही वर्षे महाराष्ट्रात तीव्र भारनियमनाची होती. संध्याकाळी वीज असली तरी दाब कमी असे. छापील क्षमतेच्या बाबतीत येथे आणखी एक आकडा विचारात घ्यावा लागतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट असे लिहिलेले असले, तरी तो आकडा अनेकदा क्षणिक क्षमतेचा असे. प्रोसेसरला लागणाऱ्या १२ व्होल्टच्या वाहिनीवर सलग मिळणारी शक्ती त्याहून बरीच कमी असे.

तिसरी वाट झिजेची. १९९९ ते २००७ या काळात सदोष इलेक्ट्रोलाइट भरलेल्या कपॅसिटरांनी जगभरातील मदरबोर्ड निकामी केले. कपॅसिटरचे डोके फुगे, त्यातून तपकिरी द्रव झिरपे आणि संगणक कारणाविना रीस्टार्ट होई. उष्णता ही झीज वेगाने वाढविते. म्हणून कॅबिनेट उघडल्यावर कोणताही प्रोग्राम चालविण्यापूर्वी डोळ्यांनी कपॅसिटर पाहणे, ही दुरुस्तीच्या व्यवसायातील पहिली पायरी बनली.

५. एक घरगुती उदाहरण

या परिस्थितीत निदान कसे होई, याचे एक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या घरातील आहे. २००८ च्या उन्हाळ्यात थोरल्या भावाने घरच्या असेम्बल्ड संगणकातील पेन्टियम ड्युअल-कोर ई२१६० या प्रोसेसरचा वेग वाढविला. मूळ वेग १.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे २०० च्या बसवर ९ चा गुणक. बस ३०० वर नेऊन त्याने २.७ गिगाहर्ट्झ मिळविले. सकाळी घेतलेली दोन तासांची चाचणी निर्दोष पार पडली.

त्यानंतर संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान संगणक अचानक रीस्टार्ट होऊ लागला. त्याच सुमारास थोरल्या बहिणीच्या एम.कॉम. प्रकल्पाची फाइल उघडेनाशी झाली. तीन आठवड्यांचे टंकलेखन गेले होते. घरातील सर्वांनी, आणि ज्या दुकानातून संगणक घेतला तेथील कारागिरानेही, वाढविलेल्या वेगावर ठपका ठेवला. वेग वाढविला असल्याने हमीत काहीही बदलून मिळणार नाही, असे दुकानात सांगण्यात आले.

भावाने वही घातली. दिवस, वेळ, बसचा वेग, प्रोसेसरचे तापमान, पंखा व दिवे मंद होते की नाही, आणि काय घडले, असे रकाने आखले. प्रथम वेग मूळच्या १.८ वर आणला. संध्याकाळचे रीस्टार्ट तरीही झाले. म्हणजे त्या लक्षणाचा वेगवाढीशी संबंध नव्हता. दाब उतरला की यूपीएस बॅटरीवर जाई आणि त्या बदलाच्या काही मिलीसेकंदांत हलका एसएमपीएस तग धरीत नसे. शेजाऱ्यांकडील एसएमपीएस चार दिवस उसना आणून जोडला, तेव्हा रीस्टार्ट पूर्णपणे थांबले.

पुन्हा २.७ चा वेग ठेवून दुपारी तीन वाजता चाचणी घेतली असता प्राइम९५ ने चाळीस मिनिटांत चूक दाखविली. तीच चाचणी पहाटे निर्दोष झाली होती. मेमटेस्टमध्ये रॅम निर्दोष ठरली. म्हणजे हे दुसरे लक्षण खरोखरच वेगवाढीचे होते, परंतु ते केवळ दुपारच्या उष्णतेत प्रकट होत होते. त्या स्वस्त मदरबोर्डवर व्होल्टेज वाढविण्याची सोय नव्हती. असती तरी उष्णता पाहता ती वापरणे शहाणपणाचे ठरले नसते. बस २६६ वर आणून वेग २.४ वर स्थिर केला. पुढील सर्व दुपारच्या चाचण्या निर्दोष गेल्या आणि तो संगणक त्याच वेगाने अनेक वर्षे चालला.

फाइल कोणत्या दोषाने गेली, हे मात्र वहीवरून ठरविता आले नाही. दोन्ही कारणे तेव्हा एकाच वेळी हजर होती. दुकानात वही दाखवूनही एसएमपीएस बदलून मिळाला नाही. नवा विकत घ्यावा लागला. निदान अचूक असणे आणि न्याय मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वयात त्या प्रसंगाने शिकविले.

६. उत्पादकाकडूनच होणारी वेगवाढ

आतापर्यंत वेग वाढविणारा हा वापरकर्ता किंवा व्यापारी होता. परंतु स्पर्धेच्या दडपणाखाली उत्पादकही स्वतःची राखीव शिल्लक खर्च करतो. मार्च २००० मध्ये एएमडीने इंटेलच्या दोन दिवस आधी १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला. त्यानंतर ३१ जुलै २००० रोजी इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेन्टियम थ्री जाहीर केला. परीक्षक थॉमस पाब्स्ट यांच्याकडील नमुना स्थिर राहीना. लिनक्सचा गाभा कंपाइल करण्याचे कामही तो पूर्ण करीत नसे. इतर परीक्षकांनीही हा अनुभव पडताळला. ऑगस्टअखेर इंटेलने तो प्रोसेसर बाजारातून परत घेतला. येथे ओव्हरक्लॉकिंगसाठी घडलेली चाचणीची पद्धत उत्पादकाच्या छापील आकड्यावरच लावली गेली आणि तो आकडा टिकला नाही.

अतिरिक्त व्होल्टेजने होणारी कायमची हानीही याच दशकात सर्वांच्या परिचयाची झाली. प्रवाहाच्या रेट्याने धातूचे अणू सरकून तारा झिजतात, या क्रियेचे गणित जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले होते. २००२-०३ च्या सुमारास पेन्टियम फोर प्रोसेसरांना १.७ व्होल्टपेक्षा अधिक दाब देणाऱ्यांना काही आठवड्यांतच त्यांचे प्रोसेसर गमवावे लागले. आज स्थिर असलेले यंत्र उद्याही स्थिर राहील, असे गृहीत धरता येत नाही.

वाढत्या उष्णतेमुळे मे २००४ मध्ये इंटेलने पेन्टियम फोरच्या पुढील आराखड्याचे काम रद्द केले आणि एका चिपमध्ये अनेक गाभे बसविण्याचा मार्ग धरला. एकाचा वेग ताणण्याऐवजी अनेकांकडून काम करून घेण्याची ही दिशा पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकात वेगळ्या प्रमाणावर आधीच स्वीकारलेली होती.

अलीकडील उदाहरण अधिक बोलके आहे. इंटेलच्या २०२२ व २०२३ मध्ये आलेल्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर खेळ बंद पडू लागले. पडद्यावर 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येई, त्यामुळे संशय ग्राफिक्स कार्डावर गेला. पुढे मदरबोर्ड उत्पादकांनी वीजमर्यादा सैल ठेवल्याचा मुद्दा निघाला. अखेर जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की, प्रोसेसरच्या आतील मायक्रोकोड गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता. उच्च व्होल्टेज व तापमानामुळे ठोके पोहोचविणाऱ्या परिपथाची अकाली झीज होते, असे कारण सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. दुरुस्त मायक्रोकोड देण्यात आला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविण्यात आली. मात्र जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते या दुरुस्तीने पूर्ववत होणार नव्हते. ज्यांनी बायोसला हातही लावला नव्हता, अशा वापरकर्त्यांची शिल्लक त्यांच्या नकळत खर्च झाली होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष असा की, छापील वेग, छापील वॉट आणि छापील देशनाम ही तिन्ही विधाने आहेत; ती परीक्षणास पात्र आहेत. ज्या नगरावर नकलीपणाचा शिक्का मारला गेला, त्या नगरास या बाबतीत वेगळे काढण्यास इतिहासाचा आधार नाही.

दुसरा निष्कर्ष पद्धतीविषयी आहे. नाइसली यांनी केलेली महिनोन्‌महिन्यांची छाननी, लेथवरील कामगाराची तपासणी आणि बदलापूरकडील एखाद्या घरातील वही यांत तत्त्वतः फरक नाही. मूळ स्थितीस परतणे, एका वेळी एकच घटक बदलणे, नोंद ठेवणे आणि सर्वांत प्रतिकूल वेळी चाचणी घेणे, ही या पद्धतीची चार अंगे होत. शेवटचे अंग आपल्या परिसरात विशेष महत्त्वाचे आहे. वैशाखातील दुपारी टिकलेला वेगच येथे खरा वेग मानावा लागेल.

तिसरा निष्कर्ष उत्तरदायित्वाविषयी आहे. अस्थिरता दिसताच वेग वाढविणाऱ्यास दोषी ठरविणे सोपे असते आणि कधी ते खरेही असते. परंतु १९९४, २००० व २०२४ च्या घटना सांगतात की, तो दोष उत्पादकाचा असू शकतो; आमच्या घरातील वही सांगते की, दोन दोष एकाच वेळी नांदू शकतात. महाविद्यालयांतून आज प्रवेशापासून निकालपत्रापर्यंत सर्व काही संगणकावर होते. हँग झालेला संगणक निदान आपण बिघडलो आहोत हे सांगतो. मुकाट्याने चुकीची बेरीज देणारा ते सांगत नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर चुकीचा आकडा छापला गेला, तर तोही छापील असल्यामुळेच खरा मानला जाईल. म्हणून प्रयोगशाळेतील संगणकांची वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, रीतसर चाचणी घेऊन तिची नोंद ठेवणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम न मानता संस्थेची जबाबदारी मानली जावी, असे सुचवावेसे वाटते.